‘ला बा’ म्हणजे तिकडे

फ्रेंच भाषेची आणि आपली पहिली ओळख काही चांगल्या मुहूर्तावर झाली नाही. ‘गारदी’ हा शब्द आपण शाळेत इतिहासाच्या पुस्तकात वाचतो तेव्हा तो फ्रेंचांकडून आला आहे असे कुणाच्या मनातही येत नाही. ‘गार्द’ म्हणजे पहारेकरी, रक्षक. दक्षिणेत बुसीच्या हाताखाली कवायत शिकलेल्या पायदळाबरोबर हा शब्द आपल्याकडे आला. त्याच तालमीत तयार झालेला इब्राहिमखान गारदी पुढे भाऊसाहेबांबरोबर पानिपतावर गेला, आणि १७६१ च्या त्या संक्रांतीला शर्थीने लढला. पण बारा वर्षांनी, ३० ऑगस्ट १७७३ रोजी, शनिवारवाड्यात नारायणरावांच्या पाठीमागे जे धावले तेही गारदीच. रक्षक या अर्थाचा शब्द आपल्या भाषेत येऊन मारेकरी झाला! शब्दांच्या नशिबाचे हे फेरे पाहिले की माणसाच्या नशिबाबद्दल फारशी तक्रार करावीशी वाटत नाही.

असो. माझी स्वतःची फ्रेंचशी ओळख झाली ती एका गाण्याने, आणि तीही चाळिशी उलटल्यावर. मॅट्रिकच्या पुढे न गेलेल्या, वर्गात मराठी आणि इतिहास शिकवणाऱ्या मास्तराला हे भलते वेड कुठून लागले असे आमच्या घरातही विचारले गेले. त्याचे कारण एक कादंबरी. तिचा नायक रत्नागिरीकडचा, खाचराच्या एका तुकड्यावर पोट न भरणारा. १८५० च्या सुमारास मुंबई बंदरातून गलबतात बसून मॉरिशसला उसाच्या मळ्यावर जाणारा. हा गडी बोटीतून उतरल्यावर त्याच्या कानावर पहिले शब्द कोणते पडले असतील? एवढ्या एका प्रश्नापाशी माझे लिखाण अडून बसले.

मॉरिशस तेव्हा इंग्रजांच्या ताब्यात होते. १८१० मध्ये त्यांनी ते फ्रेंचांकडून जिंकून घेतले. पण शरणागतीच्या करारात तिथल्या गोऱ्या मळेवाल्यांना त्यांचे कायदे, धर्म आणि रीतिरिवाज राखून ठेवण्याची मुभा दिली होती. त्यामुळे राज्य इंग्रजांचे, बोली मात्र फ्रेंचांची आणि त्यांच्या गुलामांच्या तोंडी घडलेल्या क्रिओलची, असा तिथला मामला. तेव्हा माझ्या गड्याने ऐकलेला पहिला हुकूम फ्रेंच वळणाचाच असणार.

फ्रेंच शिकवणारे एक स्नेही आहेत, त्यांच्याकडे गेलो. ते म्हणाले, “मास्तर, या वयात व्याकरणाच्या नादी लागू नका. एखादे गाणे पाठ करा. शब्द आपोआप चिकटतील.” आणि त्यांनी एक ध्वनिमुद्रिका हाती ठेवली. गाण्याचे नाव ‘लँव्हितास्यों ओ व्हॉयाझ’. म्हणजे, प्रवासाचे आमंत्रण. बोदलेअरची कविता, आंरी द्यूपार्कचे संगीत. माझ्या कादंबरीच्या विषयाला हे नाव इतके चपखल बसत होते की मी दुसरे गाणे मागितलेच नाही.

गाण्याचा मतलब सरळ आहे. प्रियकर प्रेयसीला सांगतो आहे की चल, इथून निघून जाऊ. तिकडे जाऊन दोघे राहू. तो मुलूख तुझ्यासारखाच आहे. तिथल्या आभाळात सूर्य भिजलेला असतो, तुझ्या आसवांनी भरलेल्या फसव्या डोळ्यांसारखा. कालव्यांत जहाजे झोपली आहेत, ती जगाच्या टोकाहून तुझी हौस पुरवायला आली आहेत. आणि मधूनमधून पालुपद येते, त्यात त्या देशात काय काय आहे ते मोजून पाच शब्दांत सांगितले आहे: सुव्यवस्था, सौंदर्य, वैभव, शांतता आणि सुखासक्ती. पळून जाण्याची एवढी गोड भाषा मी तरी दुसरीकडे ऐकलेली नाही.

आता शब्द शिकायचे ते कानाने. मी पाटी-पेन्सिल घेतल्यासारखी वही घेऊन बसलो आणि ऐकू येईल तसे देवनागरीत उतरवू लागलो. ‘ला बा’ हा शब्द लगेच सापडला. ला बा म्हणजे तिकडे, पलीकडे. ‘सोलेय’ म्हणजे सूर्य. ‘मुर्‍यीर’ म्हणजे मरणे; हा तर आपल्या ‘मृ’ धातूचा लांबचा भाऊच. ‘दूसर’ म्हणजे गोडवा. हा ऐकताना दर वेळी मला आपला ‘दुसरा’ आठवे आणि गोडवा नेहमी दुसऱ्याच्याच वाट्याला जातो असा एक अर्थ मनात उमटे.

पण दोन शब्द काही केल्या कोशात मिळेनात. एक ‘नांफां’, दुसरा ‘झ्यो’. गाण्याच्या पहिल्याच संबोधनात ‘नांफां’ असे स्पष्ट ऐकू येत होते. मी कोशात ‘न’ची सगळी पाने पालथी घातली. ‘झ्यो’साठी शेवटच्या ‘झ’च्या पानांवर बोट फिरवून दमलो. अखेर स्नेह्यांनी हसत हसत उलगडा केला. मूळ शब्द ‘आंफां’, म्हणजे लेकरू. त्याच्या आधी ‘मों’, म्हणजे माझे, असे आल्यामुळे दोहोंच्या मध्ये ‘न’ उभा राहतो. तसेच ‘यो’ म्हणजे डोळे. आधीच्या शब्दाच्या शेवटी असलेला, एरवी मुका असणारा ‘स’ इथे जागा होतो आणि ‘झ’ होऊन पुढच्या शब्दाला चिकटतो. आपल्याकडे संधी होते तसाच हा प्रकार. फरक एवढाच की आपला संधी लिहून दाखवतात, यांचा फक्त ऐकू येतो.

मी ओशाळलो. वर्गात पोरांचे संधी सोडवून घेणारा मी, आणि स्वतः असा फसलो! पण काही दिवसांनी क्रिओलच्या शब्दांची एक यादी हाती आली आणि माझी चूक मला निराळ्याच रूपात भेटली. मॉरिशसच्या क्रिओलमध्ये लेकराला म्हणतात ‘झांफां’. डोळ्याला म्हणतात ‘लिझिये’. चांदणीला ‘झेत्वाल’, पाखराला ‘झ्वाझो’. मूळ फ्रेंचमध्ये यांतल्या एकाही शब्दाच्या सुरुवातीला ‘झ’ नाही. अनेकवचनी उपपदाच्या शेवटचा तो ‘झ’ ऐकणाऱ्यांनी शब्दातच धरला. पाण्याला ‘दिलो’, तांदळाला ‘दिरी’, साखरेला ‘दिसिक’, घराला ‘लाकाझ’. इथेही सुरुवातीचे ‘दि’ आणि ‘ला’ ही फ्रेंच उपपदे, शब्दात कायमची शिवून टाकलेली.

ज्यांना कुणी पुस्तक दाखवले नाही, ज्यांनी भाषा केवळ हुकमातून आणि शिव्यांतून ऐकली, त्यांनी ती अशी उचलली. आफ्रिका आणि मादागास्करहून धरून आणलेल्या गुलामांनी आधी, आणि मग बिहार, मद्रास, कोकण इथून आलेल्या मजुरांनी त्यांच्यापासून. मी जी चूक एका खुर्चीत बसून गाणे ऐकताना केली, तीच त्यांनी उसाच्या सरीत उभे राहून केली होती. फरक इतका की माझ्या चुकीला स्नेही हसले, आणि त्यांच्या चुकीची भाषा झाली. मग मी ‘नांफां’ वहीतून खोडला नाही. तसाच ठेवला.

आता या गाण्याच्या कवीकडे वळतो. कारण खरा धक्का पुढेच होता.

शार्ल बोदलेअरचा जन्म ९ एप्रिल १८२१ चा, पॅरिसचा. सहाव्या वर्षी वडील गेले, पुढच्याच वर्षी आईने ओपिक नावाच्या लष्करी अधिकाऱ्याशी लग्न केले. पोरगा वाढला तो उधळा, कर्जबाजारी, कवितेच्या नादी लागलेला. सावत्र बापाने यावर जो उपाय काढला तो आपल्याकडल्या बापांनाही सुचण्यासारखा होता: याला दूर कुठे तरी पाठवा. जून १८४१ मध्ये बोर्दो बंदरातून वीस वर्षांच्या या मुलाला जहाजावर चढवले. जहाज कुठे निघाले होते? कलकत्त्याला!

कलकत्त्याला तो कधी पोचला नाही. वाटेत वादळात जहाजाचे फार नुकसान झाले, आणि १ सप्टेंबर १८४१ ला ते मॉरिशसला लागले. पोर्ट लुईमध्ये ऑतार द ब्रागार नावाच्या गृहस्थाने त्याचा पाहुणचार केला. पुढे शेजारच्या बूर्बों बेटावर, म्हणजे आजच्या रेयुनियनवर, जहाज गेले तेव्हा त्याने हट्टच धरला की आता पुढे जाणार नाही. तिथून त्याने त्या यजमानाच्या पत्नीवर रचलेले एक सुनीत यजमानाकडे पाठवून दिले, आणि परतीच्या जहाजात बसून फेब्रुवारी १८४२ मध्ये फ्रान्सला पोचला. पुढे पॅरिसात मात्र आपण हिंदुस्थान पाहिला आहे असे तो खुशाल सांगत असे. कादंबरीकारांना खोटे बोलण्याचा परवाना असतो असे म्हणतात; कवींना त्याची गरजही लागत नाही.

म्हणजे माझ्या कादंबरीतला गडी ज्या बंदरात उतरणार होता, तिथेच या गाण्याचा कवी नऊ-दहा वर्षे आधी उतरून गेला होता! मला हे ठाऊक नव्हते. गाणे मी नुसत्या नावासाठी घेतले होते.

तिथे बोदलेअरने आपली माणसे पाहिली असणारच. गुलामगिरी १ फेब्रुवारी १८३५ रोजी तिथे रद्द झाली. त्याच्या आधीच, २ नोव्हेंबर १८३४ ला, ‘ॲटलस’ जहाजातून छत्तीस हिंदी मजुरांची पहिली तुकडी उतरली होती. पुढच्या चार वर्षांत ही संख्या पंचवीस हजारांच्या आसपास गेली. मग हाल-अपेष्टांचा बोभाटा झाला म्हणून सरकारने ही भरती काही वर्षे बंद केली. बोदलेअर आला तो नेमका त्या बंदीच्या काळात. नवे येत नव्हते, पण आलेले मळ्यांवर होते. त्या बेटांवर हिंदी माणसाला सरसकट ‘मलबारी’ म्हणत. अशा एका ‘मलबारी’ स्त्रीवर त्याची एक कविता आहे, १८४६ मध्ये छापली गेलेली. तीत तो तिला विचारतो की तुझा उबदार, सुखाचा मुलूख सोडून आमच्या गर्दीच्या, गारठ्याच्या फ्रान्सला जाण्याचे वेड तुला का लागले? प्रेयसीला ‘चल तिकडे’ म्हणणारा हाच कवी, आणि मोलकरणीला ‘तू आपली इथेच बरी’ म्हणणाराही हाच. ती जिथे होती तो तिचा मुलूख होता का, की तिलाही कुणी तरी समुद्र ओलांडून आणले होते, हा प्रश्न त्याला पडलेला दिसत नाही.

‘प्रवासाचे आमंत्रण’ ही कविता प्रथम १८५५ मध्ये एका नियतकालिकात आली आणि १८५७ मध्ये त्याच्या ‘पापाची फुले’ या संग्रहात. या संग्रहावर सरकारने खटला भरला. कवीला तीनशे फ्रँक दंड झाला (तो पुढे पन्नासावर आला), सहा कविता गाळण्याचा हुकूम झाला, आणि तो निकाल रद्द व्हायला १९४९ साल उजाडावे लागले. आपली कविता त्या सहांत नव्हती. तिच्यातला कालव्यांचा देश म्हणजे हॉलंड असे मानतात. गंमत पाहा, ज्या प्रवासाला त्याला खरोखर धाडले त्यातून तो अर्ध्या वाटेवरून परत फिरला, आणि ज्या देशाला त्याने अजून पाय लावला नव्हता तिकडे तो दुसऱ्याला बोलावत होता.

कवी १८६७ मध्ये वारला. हे गाणे त्याने ऐकले नाही. द्यूपार्कने चाल बांधली १८७० मध्ये. तेव्हा तो बावीस वर्षांचा होता. त्याच वर्षी १९ सप्टेंबरला प्रशियाच्या फौजांनी पॅरिसला वेढा घातला, तो जानेवारीअखेरपर्यंत उठला नाही. शहरात अन्न संपले; लोकांनी घोडे खाल्ले, उंदीर खाल्ले, प्राणिसंग्रहालयातले दोन हत्तीही मारून खाल्ले. बाहेर पडायची एकच वाट उरली होती, ती आकाशाची. ७ ऑक्टोबरला गांबेत्ता हा मंत्री बलूनमध्ये बसून शत्रूच्या डोक्यावरून निसटला, आणि वेढा उठेपर्यंत साठांहून अधिक बलूने पत्रांच्या थैल्या घेऊन उडाली. ‘चल, तिकडे जाऊ’ हे शब्द त्या वर्षी पॅरिसमध्ये नुसते प्रेमिकांच्या बोलण्यातले राहिले नव्हते. हे मनात धरून ते गाणे पुन्हा ऐकले की पियानोवर खाली सतत हलणारी ती स्वरांची लाट काही निराळीच वाटू लागते.

द्यूपार्कने हे गाणे आपल्या पत्नीला अर्पण केले आहे. त्याचे पुढचे आयुष्य मात्र चटका लावणारे. सदतिसाव्या वर्षी, १८८५ मध्ये, मनाच्या आजाराने त्याने संगीतरचना कायमची थांबवली, बरेचसे लिहिलेले स्वतःच्या हाताने नष्ट केले, डोळे गेले, आणि तसाच तो १९३३ पर्यंत जगला. मागे राहिली जेमतेम दीड डझन गाणी.

पण त्याच्यावर माझी एक तक्रार आहे. कवितेत कडवी तीन. द्यूपार्कने पहिले आणि तिसरे घेतले, मधले गाळले. गाणे पाठ झाल्यावर मी मूळ कविता काढली तेव्हा हे कळले. आणि त्या गाळलेल्या कडव्यात काय सापडावे? तिथे तो घराच्या आत नेतो: वर्षांनुवर्षांच्या वापराने तुळतुळीत झालेले सामान, दुर्मिळ फुले, आणि त्यांत मिसळलेला ‘आंब्र’चा वास. आंब्र म्हणजे आपला अंबर, अत्तरवाल्याकडचा. मूळ अरबी शब्द, एक फांदी तिकडे गेली, एक इकडे. खोल आरसे, पूर्वेकडची श्रीमंती. आणि हे सगळे सामान, कवी म्हणतो, माणसाच्या जिवाशी गुपचूप बोलेल, त्याच्या ‘लांग नाताल’मध्ये. लांग म्हणजे जीभ, भाषा. नाताल म्हणजे जन्माची. आपण डिसेंबरात ज्याला नाताळ म्हणतो तो शब्द पोर्तुगीजांकडून आलेला, याच घराण्यातला. येशूचा जन्म म्हणून नाताळ. तेव्हा लांग नाताल म्हणजे जन्मभाषा, मायबोली. ज्या गाण्यावरून मी परकी भाषा शिकत होतो, त्यातून मायबोलीचेच कडवे गळलेले! संगीताच्या दृष्टीने त्याचे बरोबर असेल. जाणकार तसे सांगतात. मला मात्र आमच्या घरातले दोन-तीन नातेवाईक मांडवाबाहेरच राहिल्यासारखे वाटले.

आणि हे कडवे हाती आल्यावरच माझा गडी हलला.

कारण त्यालाही आमंत्रण मिळाले होते. गावोगाव फिरणारे भरतीचे दलाल ते घेऊन येत. मॉरिशसमध्ये अजून सांगतात की तिकडे दगड उलटा, खाली सोने सापडेल, असे आमच्या पूर्वजांना सांगून आणले. गाण्याच्या शेवटच्या कडव्यात मावळतीचा सूर्य शेतांना सोन्याने मढवतो; तिथला शब्द आहे ‘ऑर’, सोने. एकच शब्द, दोन आमंत्रणे. प्रत्यक्षात सुरुवातीच्या करारांत होते महिना पाच रुपये आणि शिधा, पाच वर्षांसाठी. एक दिवस खाडा झाला तर दोन दिवसांचा पगार कापायचा, ही तिथली रीत. पुढे कायद्यानेही ती उचलून धरली.

त्याच कडव्यातला आणखी एक शब्द मला बराच काळ सलत राहिला. कालव्यातल्या जहाजांचा स्वभाव ‘व्हागाबोंद’ आहे, म्हणजे भटका, असे कवी कौतुकाने म्हणतो. मॉरिशसच्या कायद्यात ‘व्हागाबोंद’ म्हणजे मळ्याबाहेर सापडलेला मजूर. १८६७ च्या कायद्याने तर करार संपलेल्या जुन्या मजुरांनाही स्वतःचे छायाचित्र डकवलेला परवाना जवळ बाळगावा लागे. तो नसला की पोलीस धरून कोंडवाड्यात नेत. १८७१ मध्ये आदॉल्फ द प्लेव्हित्झ या गोऱ्या मळेवाल्याने या जुन्या मजुरांचा अर्ज गव्हर्नरकडे नेला, त्यावर ९,४०१ सह्या होत्या. पुढल्या वर्षी चौकशीसाठी शाही आयोग नेमला गेला. त्याआधी गुलामीच्या काळात पळून रानात शिरणाऱ्याला ‘मारों’ म्हणत. बेटाच्या नैर्ऋत्य टोकाला ल मोर्न नावाचा उभा डोंगर आहे, तो त्यांचा आसरा. पळून जाणे या एका गोष्टीला भाषेत किती नावे असतात! प्रेमिकाने केले तर प्रवास, जहाजाने केले तर स्वभाव, आणि मजुराने केले तर गुन्हा.

पोर्ट लुईच्या धक्क्यावर, जिथे या लोकांना उतरवत, तिथल्या दगडी पायऱ्या आजही आहेत. आप्रवासी घाट म्हणतात त्याला. २००६ मध्ये तो जागतिक वारसास्थळांच्या यादीत गेला. आता तिथली मराठी मंडळी क्रिओल बोलतात, फ्रेंच वाचतात, इंग्रजीत परीक्षा देतात. गणेशचतुर्थीला साऱ्या देशाला सुट्टी असते. त्या दिवसांत तिथे ‘झाकरी’ म्हणतात. पायांत घुंगरू बांधून, गोल फिरत, मृदंगाच्या ठेक्यावर. ही आपल्या रत्नागिरीकडची जाखडीच. पावणेदोनशे वर्षांपूर्वी गाठोड्यात दुसरे काही नेण्यासारखे नव्हते, तेव्हा हे गेले. रोजच्या बोलण्यातून जे शब्द कधीच गळले ते त्या गाण्यांत आहेत. पोरे ते आधी गाण्यात पाठ करतात आणि अर्थ मागाहून आजीला विचारतात.

कादंबरीचे ते अडलेले पान मी अखेर लिहिले. गडी पायऱ्या चढून वर येतो. मुकादम हात लांब करून उसाच्या रानाकडे दाखवतो आणि म्हणतो, “ला बा.” गड्याला ते नाव वाटते. मळ्याचे, नाही तर गावाचे. रात्री बराकीत तो शेजारच्या बिहाऱ्याला विचारतो, लाबा गाव अजून किती लांब आहे?